मधल्या सुट्टीतले एकतीस हजार

खटपटीला फोनची भीती वाटायची. साधीसुधी नाही हो! घंटी वाजली की ही पोरगी न्हाणीघरात शिरून नळ सोडायची, म्हणजे 'मला ऐकूच आलं नाही' म्हणायला मोकळी. आणि घर कुणाचं? दातांच्या डॉक्टरबाईंचं! पुढच्या दोन खोल्यांत आईचा दवाखाना, मागे घर, दोन्हींत मिळून एकच फोन, आणि तो दिवसभर कोकलणार. कधी नाइलाजाने रिसीव्हर उचललाच, तर पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून दमायचा आणि हिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. "दातांच्या डॉक्टरच्या पोरीची दातखीळ बसते," आई कपाळावर हात मारून म्हणायची, "आता हिला कुणाला दाखवू?"

शाळेतही तीच गत. हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे वर्गाने तिचा आवाज ऐकला नव्हता. आणि अशा या मुलीने पुढच्या चार वर्षांत पन्नास हजार पोरांना एका जागी गप्पा मारायला बसवलं. हसू नका, खरंच बसवलं.

झालं असं. आईने पेशंटच्या नोंदींसाठी कॉम्प्युटर घेतला, चार दिवस त्याच्याशी झटापट केली आणि मुकाट्याने पुन्हा वहीत लिहायला लागली. कॉम्प्युटर गेला मागच्या खोलीत, कापसाचे गठ्ठे, एक्स-रेची पाकिटं आणि फळीवर ओळीने मांडलेले जबड्यांचे साचे यांच्या सोबतीला. खटपटीला तेच हवं होतं. घरातला रेडिओ, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तिने उघडून परत बसवलेलं. नाव काही उगीच पडलं नव्हतं. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून, चुकतमाकत, ती वर्षभरात वेबसाइट बनवायला शिकली.

जोडीला मावसबहीण. आठ महिन्यांनी धाकटी, समोरच्याच इमारतीत राहणारी, आणि तिला बडबडी का म्हणायचे ते सांगायला नको.

"सगळीकडे मेली मोठी माणसं," बडबडी एकदा त्या खोलीतल्या स्टुलावर गोल गोल फिरत म्हणाली. "नोकऱ्यांच्या साइट, बातम्यांच्या साइट, शेअर बाजाराच्या साइट. आपण कुठे जायचं गं? तू काहीतरी कर ना. तू कर, बोलायचं मी बघते."

खटपटीने केलं. तीन आठवडे ती जेवतानासुद्धा बोटांनी टेबलावर टकटक करत होती. साइटचं नाव बडबडीने ठेवलं: मधली सुट्टी. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणीही यावं, टोपणनाव घ्यावं, स्वतःचं पान घ्यावं, त्याला हवा तो भडक रंग द्यावा, मनात येईल ते लिहावं आणि इतरांनी खाली आपल्या उत्तरांची शेपटं जोडावीत. हल्ली यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. अहो, तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून किरकिरत यायचं आणि एक फोटो उमटेपर्यंत चहा होऊन कप धुऊन व्हायचा. तेव्हा हे म्हणजे नवलच होतं!

नियम एकच, आणि तो कडक. वीस वर्षं पूर्ण झाली की बाहेर.

"नाहीतर बघ हं," बडबडी म्हणाली, "तिशीचे काका येऊन बसतील आणि अभ्यास कसा करावा ते सांगतील."

खटपटीने त्यात आपली भर घातली. बाहेर म्हणजे नुसतं बाहेर नाही, पान पुसायचं. खरंच पुसायचं. कुठेही प्रत ठेवायची नाही. मोठेपणी कुणी आपला बावळटपणा उकरून काढून आपल्याला दाखवू नये, यासाठी. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तिने लिहून टाकलं: 'इथून गेलेल्याचं इथे काहीही उरत नाही. आम्ही शब्द देतो.' या शब्दाचा तिला फार अभिमान होता.

पहिल्या आठवड्यात अकरा जण आले, त्यातले सहा नात्यातले. दुसऱ्या महिन्यात चारशे. मग कुठल्याशा मासिकात दोन ओळी छापून आल्या आणि जी झुंबड उडाली म्हणता! पाच हजार, नऊ हजार, चौदा हजार. बडबडी रोज आकडा ओरडत जिन्यावरून उतरायची आणि शेजारचे दारं उघडून बघायचे, कुठे चोर शिरला का म्हणून. दवाखाना दुपारी चार ते सहा बंद, तेवढा वेळ फोनची तार या दोघींची. एकदा एक गृहस्थ गाल टोमॅटोएवढा सुजवून दारात उभे राहिले. "डॉक्टरबाई, दीड तास फोन लावतोय, लागतच नाही!" आईने मागच्या खोलीकडे बघितलं आणि त्या दिवशी दोघींची अशी काही हजेरी घेतली की साच्यांचे जबडेसुद्धा मिटले असते. पण वायर मात्र तिने काढली नाही. सहाला मिनिटभर कमी असताना येऊन दारात हात कमरेवर ठेवून उभी राहायची, इतकंच.

आणि खटपटी? अगं बाई गं, खटपटीला ओळखणार नाही तुम्ही! बाहेर जिला 'हो-नाही' जड, ती इथे धो धो बोलत होती. नव्याने येणाऱ्याला ती स्वतः दोन ओळी लिहायची, भांडणं मिटवायची, कोट्या करायची. शक्य होतं तोवर तिने एकूण एक पान वाचलं. नंतर निदान जुन्या लोकांची तरी. पोरं तिला ताई म्हणायची. सोळाव्या वर्षी हजारोंची ताई! शाळेत कुणाला पत्ता नव्हता. बाकावर मान खाली घालून बसलेली ही मुलगी आतल्या आत आनंदाने उकळत असायची, की चार वाजले की मी बघते एकेकाला.

पुढे जुन्या लोकांची वीस वर्षं भरायला लागली आणि एक प्रथाच पडली. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या दिवशी बाहेर पडणाऱ्यांची यादी खटपटीच्या पडद्यावर यायची. आठ-दहा नावं असायची. ती यादी वाचायची, प्रत्येकाला नावाने निरोप द्यायची, मग सगळे जमलेले मिळून उलटे आकडे टाइप करायचे, दहा, नऊ, आठ, आणि शून्याला खटपटी बटण दाबायची. याला म्हणायचे पाचचा निरोप. तिथे पोरं रडायची, वेड्यासारखे विनोद करायची, कुणी कुणाला आवडत होतं ते शेवटच्या तीन सेकंदांत सांगून टाकायची. त्यापायी लोक शिकवण्या बुडवायचे.

चार वर्षं अशी गेली. सभासद पन्नास हजारांच्या घरात पोचले. आणि मग एका दुपारी दवाखान्यात दोन टायवाले काका येऊन बसले, दात दुखणाऱ्या लोकांच्या मधोमध. एका मोठ्या कंपनीचे. त्यांना मधली सुट्टी हवी होती. मोठे सर्व्हर देणार, माणसं देणार, दोघींनी कॉलेज सांभाळून ती चालवायची, वीसचा नियमही राहणार. थोरल्या टायवाल्या काकांनी एवढंच विचारलं, "पन्नास हजार नक्की ना? आणि सगळे तेराच्या वरचे? आमचे वकील तेवढं मात्र बघतात."

"सगळे!" बडबडी म्हणाली. खटपटीने जोरजोरात मान हलवली. सह्या पुढच्या बुधवारी करायच्या ठरल्या.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी खटपटीला वीस वर्षं पूर्ण होत होती.

तिला सूट द्या, म्हणून पोरांनी हजारोंनी लिहिलं. ती म्हणाली, नाही, नियम म्हणजे नियम. माझं पान पुसलं जाईल, मी पडद्यामागे काम करीन. मनातून मात्र ती हरखली होती. आपला निरोप! चार वर्षं दुसऱ्यांना दिला, आता आपल्याला मिळणार. गुरुवारी तिने नवा ड्रेस घातला, केस विंचरले. कॉम्प्युटरसमोर कोण बघणार होतं, तरी विंचरले.

पाचला दहा कमी असताना एवढी गर्दी लोटली की साइट धापा टाकायला लागली. शुभेच्छा इतक्या भराभर पडत होत्या की एक वाचेपर्यंत वीस वर सरकायच्या. बडबडी टाळ्या पिटत होती. खटपटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खो खो हसतही होती. पाच वाजले. यादी उघडली. सगळ्यात वर तिचंच नाव, सभासद क्रमांक एक. खाली आणखी नावं उतरायला लागली, हळूहळू, एकेक, एकेक. थांबेचनात.

"तार अडली वाटतं," ती म्हणाली. "सगळे माझ्यासाठी आलेत ना, म्हणून हळू झालंय."

"अगं, ते मोजायला लागले!"

दहा, नऊ, आठ. रोज पूर्ण यादी वाचल्याशिवाय बटणाला हात न लावणारी मुलगी ती. त्या एका दिवशी तिने वाचली नाही. तीन, दोन, एक. पन्नास हजार लोक आपल्याला हाक मारतायत या धुंदीत तिने बटण दाबलं.

आणि सगळं गप्प झालं.

आधी वाटलं, फोन कटला. मग वाटलं, साइट कोसळली. मग पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली. 'सगळे कुठे गेले?' 'माझी अख्खी टोळी गायब!' खटपटीने सभासदांचा आकडा उघडला. एकोणीस हजार. तिने पुन्हा उघडला. एकोणीस हजार.

कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ते तिनेच चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं. नाव नोंदवायच्या अर्जात जन्मतारखेचा चौकोन होता. चाचणी घेताना तो रिकामा दिसत होता, म्हणून तिने त्यात एक तारीख भरून ठेवली. कुठली? डोक्यात आली ती, स्वतःचीच. दिवस, महिना, वर्ष सगळं. येणाऱ्याने ती पुसून आपली घालावी, ही अपेक्षा. पण ज्यांना कंटाळा होता त्यांनी ती तशीच ठेवली. ज्यांना घरून ताकीद होती की खरी माहिती कुठे द्यायची नाही, त्यांनी तशीच ठेवली. आणि जे अजून तेरा वर्षांचे झालेच नव्हते, ते नऊ-दहा-अकरा वर्षांचे डांबरट, त्यांना तर ही तारीख म्हणजे उघडं दारच! जन्मतारखा गुप्त ठेवायच्या म्हणून साइट त्या कुणालाच दाखवत नसे. खटपटीनेही कधी डोकावून बघितलं नव्हतं. एकतीस हजार पोरं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली होती, तिच्याबरोबर, आणि एकाच दिवशी वीस वर्षांची झाली. आणि पुसलेलं खरंच पुसलेलं. प्रत नाही. शब्द दिला होता ना!

बडबडीने पडद्याला नाक लावून आकडा स्वतः वाचला. मग तिचं डोकं धावायला लागलं.

"सर्व्हर बिघडला म्हणून सांगू," ती म्हणाली. "ऐक. लोक विश्वास ठेवतील, परवाच एका साइटचा सर्व्हर जळाला नाही का? परत नाव नोंदवा म्हणू. निम्मे तरी येतील. बुधवारी सह्या. अगं, पाच दिवस फक्त तोंड मिटून बसायचंय, आणि त्यात तुझा हात कोण धरणार?"

"आणि आमची पानं कुणी पुसली, असं त्यांनी विचारलं तर?"

"मशीनने! मशीनला काय लाज असते?"

खटपटीचं मन डळमळलं, खोटं कशाला सांगू? मधली सुट्टी गेली तर तिच्याकडे होतं काय? पुन्हा ती मान खाली घातलेली मुलगी, आणि न्हाणीघरातला नळ. सहाला मिनिटभर कमी असताना आई दारात आली तेव्हा दोघींचे चेहरे बघून तिने कमरेवरचे हात खाली घेतले. बडबडीने सगळं सांगितलं, सर्व्हरच्या थापेसकट.

आई स्टुलावर बसली. "मी एकदा चुकीची दाढ काढली होती," ती म्हणाली. "शेजारची. पेशंटला कळलं नव्हतं, तोंड बधिर होतं त्याचं."

"मग?"

"समोर बसून सांगितलं."

"मग काय झालं?" बडबडीने विचारलं.

"तो परत आला नाही. त्याच्या घरचंही कुणी आलं नाही." आई उठली, हातमोजे चढवले आणि पेशंट बघायला गेली.

खटपटी रात्री व्यवस्थित झोपली की नाही माहीत नाही, पण शुक्रवारी चार वाजता ती खुर्चीत बसली आणि पहिल्या पानावर लिहिलं. काय झालं, कसं झालं, तारीख कुणाची होती, यादी कुणी वाचली नाही. 'पानं परत येणार नाहीत. ती मी पुसली. ज्यांची गेली त्यांचा पत्ताही माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून मी तुम्हाला लिहू शकत नाही. खाली फोन नंबर आहे. रोज चार ते सहा. फोन मीच उचलीन.'

"तू?" बडबडी किंचाळली. "फोन? तू?"

"तू उचलायचा नाहीस," खटपटी म्हणाली. "शपथ घे."

सोमवारी टायवाल्या काकांचं पत्र आलं, चार ओळींचं, अतिशय सभ्य. सह्या नाहीत. आईबापांना कळलं की दहा-दहा वर्षांची पोरं तिथे बसत होती, आणि घराघरांतून कान पिळले गेले. उरलेल्यांत भांडणं लागली. तेवढ्यात कुणीतरी मोठ्या माणसांनी चकचकीत नवी साइट काढली, आणि हां हां म्हणता एकोणीस हजारांचे सहा, सहाचे नऊशे झाले. चार वर्षांत जे चढलं ते नऊ आठवड्यांत उतरलं.

पण फोन! फोनची गंमत सांगायची राहिली. शुक्रवारी पाचला सात मिनिटं कमी असताना, इंटरनेटची तार सोडवल्या सोडवल्या, पहिली घंटी वाजली. खटपटीने एकदा न्हाणीघराकडे बघितलं. तिने रिसीव्हर उचलला. "हॅ," ती म्हणाली. "हॅ... हॅलो." पलीकडून एका मुलाने अशा काही शिव्या घातल्या की बडबडीला चार हात लांबूनही ऐकू आल्या. खटपटीने सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "हो. मीच. माझं चुकलं." चार शब्द! बडबडीने तोंडावर हात दाबला. दुसऱ्या फोनला सहा शब्द झाले. आठवडाभरात ती पूर्ण वाक्यं बोलत होती, भांडणाऱ्याला थांबवत होती, रडणाऱ्याला 'आधी नाक पूस' म्हणत होती. टोपणनाव ऐकलं की तिला माणूस आठवायचा: "तूच ना रे तो, हिरव्या पानावर सगळ्या शिक्षकांची चित्रं काढणारा?" आणि पलीकडचा रागावलेला आवाज एकदम लहान व्हायचा, "तू बघितली होतीस?" काही जणांनी माफ केलं. बऱ्याच जणांनी नाही केलं. दोनशेच्या वर फोन झाले आणि एकदाही न्हाणीघरातला नळ वाहिला नाही.

शेवटी साइट बंद करायचं ठरलं. त्या दुपारी दोघी तेच करायला बसल्या होत्या, तार जोडणार तेवढ्यात फोन वाजला.

"मी काजवा," पलीकडून बारीक आवाज आला.

खटपटी उभीच राहिली. काजवा म्हणजे बसची गोष्ट लिहिणारी! एक म्हातारी बस चालवते, तिला एकही रस्ता पाठ नाही, म्हणून बस रोज चुकून वेगळ्याच गावाला पोचते. कंडक्टर म्हणून एक शेळी आहे, ती तिकिटं खाते. तीन वर्षं, चारशे भाग. खटपटीने एकही चुकवला नव्हता. तिला वाटायचं, लिहिणारी सतराएक वर्षांची असेल.

"किती वर्षांची आहेस गं तू?"

"बारा." आणि लगेच, "माझी बस पुसली का?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. मीच पुसली."

ती पोर ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसती मुसमुसत राहिली, आणि ते ऐकवेना. खटपटीने एकदम सुरुवात केली, "मला आठवते ना तुझी बस. पहिल्या भागात ती तळ्याकाठी बंद पडते, मग शेळी खाली उतरून..."

"तळं नव्हतं," काजवा म्हणाली.

"बरं, नदी. नदीकाठी बंद पडते, आणि शेळी धक्का..."

"नदी पण नव्हती! आणि शेळी तेव्हा आलीच नव्हती, ती सातव्या भागात येते! आणि ती धक्का नाही मारत, ती म्हणते, हे माझं काम नाही! तुला काहीच नीट आठवत नाही!"

"नाहीच आठवत," खटपटी म्हणाली. "तुला आठवतं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"तू लिहून घेशील?"

खटपटीने आईच्या टेबलावरचं औषधांच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, पालथं घातलं आणि बडबडीच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं. "बोल."

"भाग पहिला," काजवा म्हणाली. "बस सुरूच होत नव्हती."